लक्ष्मीचे पाय धुणारे शेठ

“ह्या किसनला आजच्या आज गाडीवरून खाली उतरवतो,” ट्रकचे मालक शेठ माझ्या गॅरेजात उभे राहून ओरडत होते. “आणि पुणे-मुंबई रस्त्यावरच्या एकाही मालकाने ह्याच्या हातात स्टिअरिंग देऊ नये, असं सांगून ठेवतो.”

किसन गाडीशेजारी मान खाली घालून उभा होता. चिखलीचा शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला ड्रायव्हर. पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवड-पिंपरीकडे तेव्हा ट्रकमालक बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यात एकदा नाव खराब झालं की ड्रायव्हरने सरळ घरी जाऊन नांगर धरायचा. शेठना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते चार माणसांदेखत बोलत होते. मला त्याचाच जास्त राग आला.

गुन्हा काय, तर गाडीच्या पुढच्या चाकांतून घरघर येत होती. जात्यात खडा अडकल्यासारखी. आणि ही दुसरी खेप होती.

पहिल्या खेपेला मी आधी ब्रेकवर संशय घेतला होता. ब्रेकचा लायनर झिजला की लोखंडावर लोखंड घासतं आणि असाच आवाज येतो. पण चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं, ब्रेकला पाय न लावता, तरी घरघर चालूच. म्हणजे दोष बेअरिंगचा. चाक ज्या पोलादी रोलरवर फिरतं ते बेअरिंग. ते ग्रीसमध्ये बुडालेलं असतं आणि पाणी आत येऊ नये म्हणून मागे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक चकती असते. मी हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडला. ग्रीसचं पार ताक झालं होतं. पावसाळा होता, ओढ्याचं पाणी गेलं असेल असं समजून मी दोन्हीकडचं बेअरिंग बदललं आणि विषय संपवला.

आता मात्र हिवाळा. रस्ते कोरडे ठणठणीत. हब उघडला तर पुन्हा तेच पांढरं ताक आणि रोलरवर तांबडा गंज. तोही दोन्ही बाजूंना सारखाच.

“काय रे, पाण्यातून नेलीस का गाडी?” मी विचारलं.

“न्हाई मिस्त्री. आईची आन. वढं समदं आटल्याती.”

“खोटं बोलतो!” शेठ कडाडले. “गाडी आपटतो, वर तोंड करून बोलतो!”

“शेठ, आपटल्यावर बेअरिंग फुटतं. त्यात पाणी भरत नाही,” मी म्हणालो. “आणि आपटली तर खड्ड्याकडचं चाक आधी जाईल. दोन्ही चाकं जोडीने कशी जातील?”

“तुम्ही त्याची वकिली करू नका. रिपेअर करा.”

मी बेअरिंग बदललं, पण एक अट घातली. पुढच्या फेरीला मी स्वतः गाडीत बसणार. तोवर किसनला हात लावायचा नाही. शेठ कुरकुरले, पण दुसरा ड्रायव्हर लगेच मिळत नव्हता, म्हणून कबूल झाले.

साताऱ्याकडून गूळ आणायचा होता. येताना कात्रजचा घाट उतरलो, पुण्याच्या गर्दीतून ब्रेक मारत मारत निघालो. किसनचा हात इतका हलका की शेजारी बसून मला डुलकी लागली. चाकांचा आवाज नाही, धक्का नाही. शोधायचं तरी काय, असं वाटायला लागलं होतं. चिंचवड आलं आणि गाडी गोदामाकडे वळण्याऐवजी नदीकडे वळली.

“इकडं कुठं?”

“पाय धुवाया,” किसन म्हणाला. “गाडी म्हंजी शेठची लक्ष्मी हाय. परगावचं पाय घिऊन गोदामात याची न्हाई. दर खेपंला असंच करतो आमी.”

पवनेच्या काठावर शेठ हळदकुंकवाचं ताट घेऊन उभेच होते. किसनने गाडी उतारावरून हळूच पाण्यापाशी आणली.

“पुढे घे!” शेठ म्हणाले. “अजून पुढे. पाय बुडू देत पुरते!”

पुढची चाकं हबपर्यंत पाण्यात गेली. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवरून चर्र आवाज झाला, वाफ निघाली. मागची चाकं उतारावर कोरडीच. मी केबिनमधून उडीच मारली.

“शेठ, हे काय चालवलंय? ब्रेक मारून हब तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. गार पाणी लागलं की ती एकदम आकसते आणि नमद्यातून पाणी आत ओढून घेते. तुमचं बेअरिंग इथे मरतं! तुमच्या डोळ्यांदेखत!”

शेठ ताट खाली न ठेवता किसनवर खेकसले, “अरे, मिस्त्रींनी पाण्याचं विचारलं तेव्हा हे सांगता येत नव्हतं?”

“पाय धुनं म्हंजी पान्यातून नेनं व्हतं व्हय?” किसन खरोखरच गोंधळला होता. मला त्याचा राग आला नाही. देवाच्या मूर्तीला अभिषेक केला तर मूर्ती भिजली असं कोण म्हणतं?

पण शेठ? दोन्ही वेळा पाणी निघालं तेव्हा ते समोर उभे होते. ‘पुढे घे’ म्हणणारेही तेच. तरी एका माणसाचं पोट हिरावून घ्यायला निघाले होते. हे सगळं मी तिथेच काठावर बोललो. आवाज चढला होता माझा, चढू दिला. शेठ म्हणाले, “बरं बरं. राहू दे त्याला कामावर.” जणू उपकारच.

पुढे लक्ष्मीचे पाय तांब्याभर पाण्याने टायरवर धुतले जाऊ लागले. घरघर पुन्हा आली नाही. महिन्याभराने दोन-तीन ट्रकमालक माझ्याकडे बसले असताना शेठ त्यांना ऐटीत समजावत होते, “हे ड्रायव्हर लोक तापलेली गाडी नदीत घालतात हो. मी माझ्याकडे बंद करून टाकलं. तुम्हीही लक्ष ठेवा.”

किसन बाहेर गाडी पुसत होता. त्याने ते ऐकलं. मी पाना घेऊन उठलो तर त्यानेच मला हाताने थांबवलं. “बसा मिस्त्री. पुन्यांदा बोलशिला तर मलाच उतरिवतील.”

मी बसलो. गाडी दुरुस्तीला आली की ड्रायव्हरला ‘काय केलंस’ असं विचारणं मात्र मी त्या दिवसापासून सोडलं. ‘तुला काय काय करायला सांगतात’ हे विचारतो. निम्मे बिघाड तिथेच सापडतात.