गाडीतून न उतरलेला माणूस

मी रियाधला ओलाया भागातल्या एका बँकेत ऑडिटचं काम करतो. समोरचा माणूस सांगतो त्यावर विश्वास न ठेवणं, हा माझा पगारी व्यवसाय आहे. गावी देवचाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या भुताच्या, गोष्टी भरपूर ऐकल्या, पण देवचार ज्यांना दिसला त्यांची दृष्टी आणि संध्याकाळचे कार्यक्रम मला ठाऊक होते. या सदरातले असे अनुभवसुद्धा मी आजवर वाचले ते साक्षीदार नेमका कुठे फुटतो हे शोधायला. तेव्हा माझाही अनुभव तुम्ही तसाच वाचा. कुठे फुटलो ते सापडलं तर कळवा... माझ्यावर उपकार होतील.

सुरुवात ग्रीसपासून झाली. आमचे स्नेही सावंत सहकुटुंब सँटोरिनीला जाऊन आले आणि त्यांनी तीन तास भिंतीएवढ्या टीव्हीवर फोटो दाखवले. निळा घुमट, त्यापुढे वहिनी. तोच घुमट, त्यापुढे सावंत. घरी येताना माझी बायको मृणाल म्हणाली, "आपणही एखादं ग्रीक बेट करू या. गाडी घ्यायची, हिंडायचं, जमेल तिथे पायी फिरायचं." व्हिसाची अपॉइंटमेंट काही मिळाली नाही. मग तिनेच शोध लावला.

"अरे, फरासान! आपल्याच देशात आहे." 'आपल्याच' म्हणजे सौदी, सतरा वर्षांत जीभ एवढी सरावते. "जिझानहून फेरीबोटीत गाडी घालायची, तासाभरात बेटावर. तिथे रोमन शिलालेखसुद्धा सापडलाय."

"म्हणजे रोमन सैनिक तिथे पहाऱ्याला होते. बिचारे डेप्युटेशनवर आलेले."

"येतोयस की नाही?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायचं कारण तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

ते कारण इथे सांगतो. माझा थोरला भाऊ, वसंतदादा, वेल्डर होता. मी एसी ऑफिसात बसायला सौदीत आलो, त्याच्या कितीतरी आधीपासून तो जिझानच्या एका कामगारांच्या कॅम्पात होता. माझं शिक्षण त्याच्या वेल्डिंगवर झालं. त्याच्या हातांवरचे ठिणग्यांचे डाग आणि माझी डिग्री एकाच काळातले आहेत. सहा वर्षं आम्ही एकाच देशात होतो. या देशात आम्ही एकदाही भेटलो नाही. अंतर बाराशे किलोमीटर, असं मी सांगायचो. विमानाने पावणेदोन तास, असं कुणी म्हणायचं नाही, कारण जिझानला कुणाला जायचंच नसायचं.

अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत मी गावाहून परत निघालो, तेव्हा आईने दादासाठी डबा दिला. गल्फमध्ये ज्यांचं कुणी आहे त्यांना हा डबा माहीत असेल. पत्र्याचा, वरून जुन्या साडीचं कापड घट्ट शिवलेलं, कापडावर मार्कर पेनने नाव. येणाऱ्याने आणायचा, ज्याचा त्याला पोचवायचा, आणि मिळालेल्याने घरी फोन करायचा की पोचला. आत तेल सांडून चिखल झालेला असला तरी 'पोचला, छान होतं' एवढंच म्हणायचं. कोकणातून आलेले आम्ही सगळे इथे हा एक नियम पाळतो. नमाजाच्या वेळेआधी जेमतेम दुकान गाठणारे लोकही डबा मात्र वेळेवर पोचवतात.

मी पोचवला नाही. महिनाभर तो गाडीच्या डिकीत राहिला. मी परतलो त्याच आठवड्यात आईने फोनवर विचारलं, "दिलास का?" "दिला गं, माणसाबरोबर पाठवला," मी म्हणालो. मग तिने दादाला फोन केला. तो म्हणाला, "पोचला." मला सांभाळून घेतलं त्याने. मला मात्र एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं... निदान भांडण तरी झालं असतं.

पुढे एका शुक्रवारी दुपारी मी कात्री घेऊन शिवण उसवली. मृणाल तेव्हा पुण्याला होती. आत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि आदल्या मे महिन्यातली, दादासाठी राखून ठेवलेली फणसपोळी. पिठी केली, भातावर घेतली. फणसपोळी आठवडाभर पुरवली. डबा काळ्या पिशवीत घालून खालच्या कचऱ्याच्या पेटीत टाकला. मेमध्ये दादा कॅम्पात झोपेतच गेला. कागदपत्रं मी रियाधहून ईमेलवर केली. सगळे म्हणाले, भावासाठी किती धावपळ केली!

शेवटच्या दोन वर्षांत दादाचं काम फरासानवरच असायचं, जेटीजवळच्या शेड्स उभारायचं. म्हणून मला ते बेट नको होतं.

असो. बेट सुंदर आहे. पांढरे प्रवाळी खडक, हिरवंनिळं पाणी, खारफुटीची रांग. रस्त्याकडेला उभी असलेली हरणं गाडीकडे इतक्या तुच्छतेने बघतात की आपली भाड्याची आहे हे त्यांना कळलं असावं. सकाळभर आम्ही गाडीने हिंडलो. दुपार उतरल्यावर कस्सार नावाच्या जुन्या वस्तीत गेलो. पूर्वी खजुराच्या हंगामात बेटावरचे लोक तिथे राहायला जात. आता प्रवाळी दगडांची रिकामी घरं आहेत, काही डागडुजी करून ठेवलेली. तिथे गाडी सोडून चालावंच लागतं. मृणाल फोटो काढत पुढे गेली. मी एका माडाएवढ्या ताडाच्या सावलीत थांबलो.

तिथे एक म्हातारा चहा विकत होता. लुंगी, बनियन, डोक्याला गुंडाळलेलं फडकं. आमच्या बंदरावर बसवला असता तर कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि इथल्या मोडक्या हिंदीत म्हणाला,

"आज उतरा गाडी से?"

मला वाटलं, रिकामपणची थट्टा. म्हणालो, "आज ही आया, बाबा. पहली बार."

"ला, ला. नहीं. पहले आया तुम. सफेद गाडी. तुम वसंत का भाई. छोटा." त्याने स्वतःच्या नाकाकडे बोट नेलं. "नाक मालूम मेरे को."

चेहरा जुळतो, हे सगळेच म्हणायचे. बेट लहान, माणूस दादाच्या ओळखीचा. इथपर्यंत माझं काही बिघडलं नव्हतं. मी बाकावर बसलो.

"वसंत अच्छा आदमी," तो म्हणाला. "मेरा मछली का बोट, मेरा दरवाजा, सब वेल्डिंग किया. तुम साब लोग. तब मेरा चाय जेटी पे. उधर गाडी लाया, काच नीचे किया, डब्बा दिया, बोला फेरी जाता है, यल्ला. मैं बोला चाय पियो. वसंत बोला, चाय पी ले रे, बाळ्या. तुम नहीं उतरा."

"कब?"

"हरीद का टाइम." हरीद म्हणजे वसंत ऋतूत थव्याने किनाऱ्याला येणारे मासे. बेटावर त्यांच्या येण्यावर वर्ष मोजतात. "उसके बाद वसंत जिझान गया, खलास."

"डब्बे में क्या था?" मी विचारलं. ऑडिटर आहे, खोटं पकडायचं तर तपशील मागायचा.

म्हातारा खुलला. "एक खट्टा, काला. पानी में डालो, लाल हो जाता. गर्मी में बहुत अच्छा. एक पाउडर, वसंत ने शोरबा बनाया." मग त्याने बोटांनी हवेत चौकोन काढला. "और एक मीठा, चमडे जैसा. कमरुद्दीन मालूम? जर्दाळू का, रमजान में? ऐसाच. लेकिन कमरुद्दीन नहीं. मैं पूछा क्या है, वो बोला मेरी माँ है."

त्याने मागे हात घालून एक पत्र्याचा डबा पुढे ठेवला. आत चहापत्ती होती. झाकणाला पोचा, कडेला गंज. असे डबे हजारो असतात. आमच्या डब्यांच्या बुडाला मी शाळेत असताना कर्कटकाने आमचं आडनाव कोरलेलं होतं. उलटा करून बघायचा, दोन सेकंदांचं काम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली उलट्यापालट्या करणाऱ्या माझ्या हाताला ते झालं नाही. चहा मात्र प्यायलो. दोन ग्लास. त्याने पैसे घेतले नाहीत.

परतीच्या फेरीबोटीत मृणालला सगळं सांगितलं, डबा खाल्ल्यासकट.

"तू मला अकरा वर्षं सांगितलं नाहीस."

"हो."

"त्या म्हाताऱ्याला दादांनीच सांगितलं असेल. भाऊ येत नाही म्हणायची लाज वाटली असेल त्यांना. कॅम्पातल्या कुणा कोकणातल्या माणसाचं सामान आणलं असेल, आणि म्हणाले असतील, माझा भाऊ आला होता."

"आणि डब्यात तेच तीन जिन्नस?"

"आईंनी फोनवर सांगितलं असेल, काय काय पाठवलंय. गाडीतून सामान घेऊन आलेलाही असाच कुणीतरी ओळखीचा असेल."

मला ते पटलं. पटवून घेतलं. सौदीत दर दुसरी गाडी पांढरी असते. रियाधला परतल्यावर जुने ईमेल काढून पाहिले. त्या वसंत ऋतूत माझी एकही रजा नाही. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीचा पुरावा नाही, पण मी स्वतःला ओळखतो. मी गेलो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात आईला फोन केला. ती गावी असते, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, कान आणि डोकं दोन्ही शाबूत.

"कुठं होतास रे? फोन लागत नव्हता."

"फरासानला गेलो होतो. जिझानजवळ... दादा होता तिथे."

"परत गेलास होय? बरं केलंस."

"परत?"

"त्या वेळेला डबा घेऊन गेला होतास ना." आईचा आवाज नेहमीसारखा, भाजी निवडताना असतो तसा. "आता तुला सांगायला हरकत नाही. जानेवारीत मी वसंताला विचारलं, डबा पोचला का? म्हणाला, पोचला, लाडू झकास झालेत. अरे, लाडू घातलेच नव्हते मी त्यात! तेव्हाच समजले, डबा पोचलेला नाही, हा तुला पाठीशी घालतोय. दोन महिने मी तुझ्याशी नीट बोलले नव्हते. आठवतं ना?"

मला आठवत नव्हतं. आई दोन महिने माझ्याशी नीट बोलली नव्हती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"तू त्याला सांगितलंस का, डब्यात काय होतं ते?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? आईशी खोटं बोलतो म्हणजे काय! मग शिमगा झाल्यावर त्याचाच फोन आला. 'आई, फणसपोळी खातोय. बाळ्या स्वतः घेऊन आला गाडीतनं.' काय खूश होता... सगळ्या कॅम्पाला आमसुलाचं सार पाजलं म्हणाला. नंतर दीड महिन्यात गेलाच. पण मी मनाशी म्हटलं, जाण्याआधी दोघं भाऊ एकदा भेटले. तुझ्यावरचा राग तिथेच सोडला मी."

मृणालची थिअरी तिथे संपली. दुसरी माझ्याकडे नाही. जी फणसपोळी मी रियाधच्या किचनमध्ये उभ्याने खाल्ली, तीच दादाने फरासानवर वाटली, आणि ती घेऊन जो आला त्याचं नाक माझं होतं. लोकांना गेलेल्या माणसाचं भूत दिसतं. इथे गेलेल्या माणसाला जिवंत माणूस दिसला. तोही माझ्यापेक्षा बरा. निदान तो तिथवर गेला.

फोन चालूच होता. आईला खरं सांगायला तेवढाच वेळ होता, आणि तिच्याकडे त्या एका भेटीशिवाय दुसरं काही नव्हतं.

"एकच चुकलं तुझं," आई म्हणाली. "उतरायचं होतंस रे. तो चहा घे, चहा घे म्हणत होता. चहाला असा किती वेळ लागतो?"

"बोट सुटत होती गं," मी म्हणालो.