एफी मॅकास्किलचा पुकारा

ॲबर्डीनमधल्या निम्म्या डॉक्टर-इंजिनिअरांना डावा पाय कुठला आणि उजवा कुठला, हे एफी मॅकास्किलने शिकवलं आहे. खोटं वाटत असेल तर दवाखान्यात जाऊन विचारा. दर सप्टेंबरात विद्यापीठात नवी पोरं येतात, त्यांच्या स्वागताचा आठवडा असतो आणि रोज संध्याकाळी मोठ्या सभागृहात कुणी ना कुणी गातं-वाजवतं. सोमवारी गिटारवाली पोरं येतात, केस डोळ्यांवर आणि सूर देवाच्या भरवशावर. मंगळवारी कुणीतरी नुसती बटणं दाबतं आणि त्यालाही टाळ्या पडतात. बुधवार मात्र आमचा. बुधवारी केय्ली, म्हणजे आमचे जोडीचे आणि गोलातले नाच. टॉरकिलचं अकॉर्डियन, हेक्टरचे ड्रम आणि माझं व्हायोलिन.

टॉरकिल हा एफीचा नवरा. पण नाव सगळं एफीचंच. ती पुकारायची. पुढचं पाऊल कोणतं, आत कोणी जायचं, कोणाचा हात धरायचा, हे माईकवर ओरडून सांगणं तिचं काम. एरवी ती शाळेच्या खानावळीत पोरांना बटाटे वाढायची आणि त्याआधी मासळीच्या कारखान्यात होती. तो आवाज तिथेच घडला. यंत्रांवर मात करून बोलावं लागायचं ना.

समोर चारशे पोरं. कुणी नैरोबीचं, कुणी शेटलंडचं, कुणी चेन्नईचं, सगळी भिंतीला चिकटलेली. एफी त्यांना भिंतीवरून सोलून काढायची.

"ए लाल शर्ट! हा तुझा डावा? मग तुला परत घरी पाठवायला हवं रे!"

लाल शर्टवाला लाजायचा, शेजारची खुदकन हसायची आणि नाच संपेपर्यंत दोघांची ओळख झालेली असायची. अशी जमलेली लग्नं मी पाहिली आहेत. एका लग्नात तर मीच वाजवलं आणि नवरदेव तिथेही डाव्या पायाने चुकला.

आमच्यात एक नियम पक्का. पुकारणारीचा हात वर जाईपर्यंत वाद्य थांबवायचं नाही. नाचणारा अर्ध्यात लटकला तर ते पाप वाजवणाऱ्याच्या डोक्यावर.

या वसंतात एका लग्नात एफीने नाचातला एक फेरा गाळला. तिथल्या मावश्या-काकवांच्या पायांना तो नाच पाठ. त्यांनी तिच्या पुकाऱ्याकडे काणाडोळा केला, जे बरोबर होतं तेच केलं आणि कुणाला काही कळलं नाही. आम्हाला कळलं. पुढे एकदा तिने हेक्टरला त्याच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. मग डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून दुखण्याचं नाव सांगितलं. एफी बाहेर आली ती हात झटकतच.

"कालचं पोर ते! त्याला काय कळतंय?"

पुन्हा तिने तो विषय काढला नाही आणि टॉरकिलला काढू दिला नाही.

त्यांची मुलगी मेरिड बापावर चिडली. "बाबा, बास आता. आईचं चारचौघांत हसं होईल, मग कळेल तुम्हाला."

"एवढा एक बुधवार होऊ दे गं," टॉरकिल म्हणाला. "मग मीच सांगतो तिला, हे शेवटचं म्हणून."

त्याने आधी हळूच सुचवून पाहिलं होतं की या वेळी हेक्टरने पुकारावं. एफी म्हणाली, "हेक्टर? त्याला शिंक आली तरी ठेका चुकतो!" विषय तिथेच मिटला.

बुधवारी पहिले नाच असे झाले की माझा जीव भांड्यात पडला. एफी अगदी पूर्वीची एफी. एका उंच पोराला म्हणाली, "वरचं हवामान काय म्हणतंय रे? खाली ये, इथे मुलगी उभी आहे!" टॉरकिल वाजवता वाजवता माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, डॉक्टर काय, चुकतातही.

शेवटचा मोठा गोलाचा नाच लागला. चारशे पोरांनी हात धरले. "डावीकडे!" एफी म्हणाली. गोल डावीकडे फिरला. यानंतर उजवीकडे फिरायचं, मग मुलींनी आत जाऊन टाळी द्यायची.

"डावीकडे!" एफी म्हणाली.

गोल पुन्हा डावीकडे गेला. मी मान वर केली.

"डावीकडे!"

इथे मावश्या नव्हत्या. या पोरांना नाच ठाऊकच नव्हता. बाई सांगते तेच खरं. पोरं डावीकडे फिरत राहिली. कुणाला तरी ती गंमत वाटली, हशा उसळला, गोलाचा वेग वाढला. टॉरकिलने चालीचा दुसरा भाग जोरात काढला, मुली आत जातात तिथला. तो एफीकडे बघून नुसत्या ओठांनी सांगत होता, आत, आत. एफीने त्याच्याकडे पाहिलं. ते डोळे मला अजून दिसतात. ती घाबरली होती. आपण अडकलोय हे तिला पुरतं कळत होतं आणि हातात तेवढा एकच शब्द उरला होता, म्हणून ती तोच धरून उभी होती.

"डावीकडे, बाळांनो," ती म्हणाली. आवाजात ओरडा राहिला नव्हता.

"थांबव रे!" मी टॉरकिलला म्हटलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. थांबावं तर सगळ्यांदेखत तिची चूक उघडी पडते, वाजवावं तर ती तिथेच गरगरत राहते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याच्या हनुवटीवरून पाणी अकॉर्डियनवर टपकत होतं आणि तो वाजवत होता. मला इतका संताप आला, आणि कोणावर काढायचा तेही कळेना.

शेवटी एक पोरगी घसरून पडली, तिच्यावर दहा जण पडले आणि गोल हसत हसत मोडला. तेव्हा कुठे एफीने हात वर केला. टाळ्या, शिट्ट्या, जमिनीवर पाय आपटणं. एवढी दाद आम्हाला कधी मिळाली नव्हती.

विद्यार्थी मंडळाची फ्रेया धावत मंचावर आली. "एफी, कमाल केलीत! तो न संपणारा गोल! पुढच्या वर्षी हाच हवा, येणार ना?"

"येऊ की," एफी हसून म्हणाली. "माझ्याशिवाय तुम्हाला कोण ओरडणार?"

फ्रेया गेली. एफी माझ्याजवळ येऊन बसली आणि माझी बाही धरली. बोटं गार होती.

"ऊना, डावीकडे झाल्यावर पुढे काय गं?"

"उजवीकडे," मी म्हटलं. "मग मुली आत, टाळी. मग मुलगे."

"उजवीकडे. मुली आत, टाळी. मग मुलगे." तिने दोनदा घोकलं. तिसऱ्यांदा मुलगे आधी आले.

"टॉरकिलला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "त्याला वाटतंय मी बरी आहे. उगाच घाबरेल बिचारा."

टॉरकिल तिच्या पाठीमागेच उभा होता. ठरल्याप्रमाणे तो सांगायला आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न करता मागच्या मागे दूर गेला.

"नाही सांगत," मी म्हटलं.