फक्त नवीन ओळी

“नवीन काय?”

खुर्चीत बसायच्या आधीच अक्का हे विचारायच्या. माणसांना नव्हे, कॉम्प्युटरला. मग चष्मा सारखा करून बटण दाबायच्या. स्क्रीनवर काही उमटलं नाही की “सरी, सुखी आहेस,” म्हणून त्याला शाबासकी. सरी म्हणजे तमिळमधलं ‘बरं’. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. आमच्या चेन्नईच्या ऑफिसात ही एकच होती.

अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालायचं आणि मी साताऱ्याचा, हसू दाबत ऐकायचो. मला त्या ‘तंबी’ म्हणत. तमिळमध्ये धाकट्या भावाला तसं म्हणतात हे कळेपर्यंत मला वाटे, बाई उठता-बसता ताकीदच देतायत!

आमचं काम एन्नोरच्या एका शीतगृहावर लक्ष ठेवायचं. तिथे इन्सुलिन असे. तिथली यंत्रं आपल्या तक्रारी दिवसभर एका फाइलीत लिहीत. ती सगळी कोण वाचणार? म्हणून अक्कांकडे एक छोटा प्रोग्राम होता. मागच्या वेळी कुठवर वाचलं ते तो लक्षात ठेवायचा आणि फक्त त्यानंतरच्या ओळी दाखवायचा. एकदा दाखवलेली ओळ तो पुन्हा दाखवत नसे. म्हणून अक्कांचा नियम होता, “एकानंच वाचायचं. मी नसले तर हात लावू नकोस, तंबी.”

त्या दुपारी अक्का डबा खायला गेल्या. मला कुठला दम निघतोय! म्हटलं, बघू तरी, बाई एवढं काय जपतात. बटण दाबलं. दहा-बारा ओळी आल्या. दार उघडलं, दार लागलं, पुन्हा उघडलं. तेवढ्यात आईचा फोन आला. मी ते सगळं बंद केलं आणि बोलत बोलत बाहेर गेलो.

अक्का परत आल्या, बटण दाबलं. स्क्रीन कोरी. “सरी, सुखी आहेस.”

साडेचारला एन्नोरहून फोन आला. तिसरं यंत्र दुपारपासून बंद होतं. आतलं इन्सुलिन सगळं टाकून द्यावं लागणार होतं. मॅनेजर धावत आला आणि त्याने मूळ फाइल उघडली. एक वाजून दहा मिनिटं, तिसरं यंत्र बंद. तेवढी एकच ओळ लिहून ते गप्प झालं होतं. मी बटण दाबलं त्याच्या जरा आधीची वेळ; ती ओळ मी न वाचताच बंद केली होती.

“अक्का, तुम्ही बघितलं नाही?”

“बघितलं. काही नव्हतं.”

“मधे दुसऱ्या कोणी वाचलं का?”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “छे! इथं कोणी तसं करत नाही.”

बोल की गाढवा, असं मी मनात म्हणत होतो. हात मात्र टेबलावरचे कागद सारखे करत होते.

अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मॅनेजर म्हणाला, “उद्यापासून स्क्रीन नको.” तीन दिवस त्या फाइलींच्या कपाटापाशी बसून होत्या. मधेच एक डोळा झाकून समोरचं कॅलेंडर वाचायच्या, मग दुसरा झाकून. मला जेवण जात नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. म्हणाल्या, “डोळ्यांना जमत नाही.” मी टी. नगरच्या बसस्टॉपपर्यंत मागे धावलो आणि गर्दीतच सगळं सांगून टाकलं.

अक्का आधी हसल्या. खरंच हसल्या! “अय्यो, म्हणजे डोळे बरे आहेत की माझे!”

मग हसू ओसरलं. “तीन दिवस, तंबी?”

मी मान डोलावली.

“सकाळी शाळेत जाताना नातीला रस्ता ओलांडून देते मी, रोज. तीन दिवस तिचा हात धरला नाही. शेजारणीला पाठवलं. म्हटलं, मला गाडी दिसलीच नाही तर?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरून बस येत होती. अक्कांनी ती लांब असतानाच तिचा नंबर मोठ्याने वाचला आणि कोणाचा हात न धरता चढल्या.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला सगळं सांगितलं. त्याने त्यांना परत बोलावलं, मीही फोन केले. अक्का आल्या नाहीत.