रोह्याच्या शाळेतला उतार

फिनेलचा वास आला की मला रोह्यातलं ते शाळेतलं मतदान केंद्र आठवतं. मतदारांची सोय कशी आहे ते पाहायला आम्हा स्वयंसेवकांना पाठवलं होतं. सकाळीच उन्हाचा चटका बसत होता. सुनेने व्हीलचेअरवरून आणलेली एक म्हातारी दारापाशी अडली, कारण पुढे उंच पायऱ्या होत्या. रांगेतले लोक तिला उचलायला सरसावले, तशी ती म्हणाली, "उचलू नका. मागच्या टायमाला उचललं, तवा पोरं हसली. चल गो, घरी जाऊ." सून खुर्ची वळवू लागली. मी धावत जाऊन केंद्राध्यक्षांना बोलावलं. ते बाहेर येऊन म्हणाले, "आजी, जरा थांबा, काहीतरी करू." धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेले दोघे कामगार रांग सोडून शाळेमागे गेले आणि मोडक्या दाराच्या फळ्या घेऊन आले. पायऱ्यांवर फळ्या टाकून त्यांनी उतार केला. सुनेने खुर्ची ढकलली, ती करकरत वर गेली. कामगारांना त्यांची रांगेतली जागा लोकांनी न मागता परत दिली. मत देऊन बाहेर आल्यावर आजी सुनेला म्हणाली, "आता तू जा आत, तुझं मत दे. मी हाय इथं." आता तिथे सिमेंटचा पक्का उतार आहे. गेल्या मतदानाला कुबड्या घेतलेला एक माणूस त्यावरून कुणाची मदत न घेता आत गेला, आणि वळून पाहणारी मी एकटीच होते.