आबांच्या तोंडातले बुडबुडे

सगळ्यात आधी सांगतो, आमचे आबा बुडून गेले न्हाईत. अंथरुणात गेले, झोपेत गेले, पांघरूण नीट गळ्यापर्यंत घेऊन गेले. तवा वरचं नाव वाचून कुणी होडी, दोर, काठावरची गर्दी असं काय काय डोळ्यापुढं आणलं असंल तर त्यांनी ते खाली ठेवावं. ह्यात फक्त एक कॉम्प्युटर हाय आन मी हाय. (तेवढं पुरलं.)

आबांचं, म्हंजे माझ्या आजोबांचं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं आन आमचं कुटुंब कळंबला आलं. आबांनी ते कधी कबूल केलं न्हाई. "घर हाय तिथंच हाय. वर नुसतं पाणी हाय," असं म्हणायचे, जसं काय अंगणात कुणी चादर वाळत घातलीय. दर मे महिन्यात पाणी उतरलं की आमच्या घराचा उंबरा उघडा पडायचा. आबा जायचे, उंबऱ्यावर नारळ फोडायचे, घटकाभर बसायचे, यायचे. शेवटच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, जाणं झालं न्हाई. त्याच पावसाळ्यात आबा गेले.

तवा आत्या घाटघरला अडकली. रस्त्यावर दरड आली व्हती. ती पोचली तवर सगळं उरकलं व्हतं, बापाचं तोंड बघायला मिळालं न्हाई. नानांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, तिला फोनवर सांगितलं की झोपेत गेले. पण वर्सभर आत्या येईल त्याला धरून विचारायची, खरंच झोपेत गेले का? भाऊ काय तरी लपवतोय असं तिच्या मनानं घेतलं व्हतं.

वर्षश्राद्ध आलं. मी मंचरला लग्नाच्या व्हिडिओंच्या स्टुडिओत एडिटिंग करतो, म्हणून नानांनी मला काम दिलं. आबांचा फोटो, गावाचा जुना फोटो, खाली नाव, बास. दोन मिनटांचं काम व्हतं. मी तीन दिवस घेतले.

कारण मी नुकतंच पाण्याखालचा उजेड करायला शिकलो व्हतो. भर दुपारी विहिरीत बुडी मारून डोळं उघडलं की तळाला उजेडाची जाळी हलते बघा, तीच. आधी करड्या ढगांसारखा डाग बनवायचा, तो हलवायचा, ताणायचा, मग खालचा फोटो दिसंल असा वर पसरायचा, हिरवानिळा रंग द्यायचा आन वरनं उन्हाच्या तिरप्या रेघा सोडायच्या. गावाच्या फोटोवर ते टाकलं आन गाव जित्तं झालं राव. कॉम्प्युटर इतका तापला की नानांचा टेबलफॅन उचलून त्याला लावला. नाना शेजारी पेपरानं वारं घेत बसले. काय विचारलं न्हाई. आबांसाठी चाललंय म्हणून.

मग बुडबुडे घातले. बुडबुड्यांना निघायला एक जागा लागते. मी ती पडद्याच्या मधोमध ठेवली, आन मधोमध आबांचा चेहरा व्हता. बरोबर तोंड. मला ते दिसलं न्हाई असं न्हाई. मला ते आवडलं.

वर आवाजबी घातला. नकला करायची मला शाळेपासनं खोड. आबांच्या आवाजात हाक मारली की नाना "आलो" म्हणून उठायचे. तोच आवाज काढला, त्याला जरा घुमवला आन म्हणलं, "घर हाय तिथंच हाय. वर नुसतं पाणी हाय." इथं थांबायला पायजे व्हतं. मी पुढं जोडलं, "मी आता तिकडंच चाललोय."

मांडवात पडदा लावला, स्टुडिओचा प्रोजेक्टर आणला. व्हिडिओ लागला आन मांडव गप झाला. पोरंसुद्धा गप. मला वाटलं, उजेडाचा परिणाम. पारगावच्या एका पावण्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मागं कुणी तरी हळूच विचारलं, "कधी सापडले?"

मी म्हणलं, काय सापडले?

तेवढ्यात प्रवचनाचे महाराज आले. दुसरीकडचं उरकून आल्यामुळं त्यांना फक्त शेवटचे बुडबुडे बघायला मिळाले. बसल्या बसल्या त्यांनी सुरू केलं, की पाणी ही माउली हाय, ती लेकराला पोटात घेते, मागं राहिलेल्यांनी तिच्यावर राग धरू नये. बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या. नाना उठून सांगायला बघत व्हते, पण महाराजांनी हातानंच त्यांना बसवलं. पोराचं दुःख समजू शकतो म्हणाले.

मग आत्या उठली. महाराजसुद्धा थांबले.

"नाना," ती म्हणाली, "वर्सभर विचारते मी. आबा धरणात गेले ना?"

"आक्का, झोपेत गेले. आबांची शपथ."

"मग चाललो म्हणून कोण सांगतंय? बापाचा आवाज वळखत न्हाई व्हय मी?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. मग मांडवानं बघितलं. मी म्हणलं, आत्या, तो आवाज माझा हाय. तिला पटंना. शेवटी भर मांडवात, महाराजांच्या समोर, आबांच्या फोटोला पाठ करून मी आबांचा आवाज काढला. "घर हाय तिथंच हाय."

आत्या खालीच बसली. मग म्हणाली, "त्या राती तू व्हतास ना जवळ? शेवटचं काय बोलले?"

मी माझ्या आवाजात सांगायला लागलो. ती म्हणाली, "तसं न्हाई. त्यांच्यासारखं."

मी तसंच सांगितलं. "आमटी खारट केली रं आज तुझ्या आईनं." मग, "दार लोटून घे, वारं येतंय." दार लोटून आलो तर आबा घोरत व्हते. सकाळी घोरत नव्हते.

"दार लोटलंस ना?" आत्यानं विचारलं.

"लोटलं."

"मग झोपेतच गेले," ती म्हणाली आन वर्साचं रडली. आईनं तेवढं विचारलं, की आमटीचं सांगायची गरज व्हती का.

पावणं जेवून गेले. (पारगावचे जाताना मला म्हणाले, बाकी पाणी लई खरं व्हतं.) मग नानांनी मला पडवीत कॉम्प्युटरजवळ उभं केलं. आवाज चढवला न्हाई, तीच भीती.

"जन्मभर त्या माणसानं घर पाण्याच्या वर यायची वाट बघितली. घर काय आलं न्हाई. तू त्यालाच खाली घातलास." मग त्यांनी कॉम्प्युटरपुढचा फॅन उचलला, वायर गुंडाळली आन म्हणाले, "आन तीन दिवस मी पेपरानं वारं घेत बसलो. कशासाठी? तर माझ्या बापाला बुडवताना तुझ्या कॉम्प्युटरला उकडू नये म्हणून."