धाकट्या जाऊबाईंचा क्लास

धाकटी जाऊ लग्न होऊन आली आणि महिन्याभरात कॉम्प्युटर क्लासला जायला लागली. तेव्हा आमच्या इंदिरानगरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते, आणि कॉम्प्युटर शिकलं की नोकरी ठेवलेलीच, असं ज्याला त्याला वाटायचं. मलाही वाटत होतं. लग्नाआधी मी इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास झाले होते. पण मी क्लासचा विषय काढला की दिंडोरीकडच्या आमच्या सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "लय शिकून कुठं जायचं हाय तुला? पोरं कोन बघंल?"

पोरं तर मी बघतच होते, वर धाकटीचा डबाही मीच भरायचे. ती परत आली की कौतुक सुरू. चपला बाहेर काढायच्या, आत एसी, एका कॉम्प्युटरवर दोघी दोघी. पोळ्या लाटताना ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा ती ओट्यावर दोन बोटांनी टकटक करत टायपिंगचा सराव करत होती. मला बघवेना. "अगं, बाकीची बोटं काय शोभेला दिलीत देवाने?" म्हणत मी तिचे हात धरून एकेक बोट जागेवर बसवलं. पुढे रोज शिकवलं. त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं. चुकीचं काम माझ्याने बघवत नाही, एवढंच.

कोर्स संपला आणि क्लासवाल्यांनी तिलाच शिकवायला ठेवून घेतलं. टायपिंगचा वेग बघून घेतलं, असं तीच सांगत होती. घरात पेढे आले. माझा पेढा मी पोरांना देऊन टाकला.

काही दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "आई, सकाळच्या बॅचला ताईंना घेऊन जाते. निघायच्या आधी पोरांचं शाळेचं मी आवरत जाईन."

"जाऊ दे की," सासूबाई म्हणाल्या. "शिकंल बिचारी."

इतकी वर्षं मी मागत होते, ते हिच्या एका शब्दावर मिळालं. खूश व्हायचं सोडून मी आणखीच जळले.

क्लासमध्ये सगळ्या पोरी तिला मॅडम म्हणत होत्या. माझ्याजवळ येऊन तिने हळूच विचारलं, "ताई, जमतंय ना?"

"जमतंय, मॅडम," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. ती लाजली.

त्यानंतर मी एकही दिवस खाडा केला नाही. मला नोकरी हवी होती, आणि तीही तिचीच.