दारू न पिता पाहिलेले पब

कुवेतमधल्या राई भागातल्या वर्कशॉपमध्ये मी सुतारकाम करायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका हॉटेलच्या रेस्टॉरंटचं काम आमच्याकडे आलं. मालकाला जुन्या आयरिश पबसारखी खोली हवी होती. कुवेतमध्ये दारूबंदी, त्यामुळे तिथे मिळणार होतं जेवण आणि चहा-कॉफी. पण लाकूडकाम मात्र अस्सल दिसायला हवं होतं.

आमचा फोरमन आयर्लंडमधल्या डब्लिनचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मी फोटो बघून काउंटरचा नमुना तयार केला. सागवानावर गडद पॉलिश, कडेला नक्षी. फोरमनने त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "पण नाटकाच्या सेटसारखं वाटतं."

सातव्या वर्षापासून वडिलांच्या हाताखाली रंधा मारलेला माणूस मी. ते शब्द मला लागले. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

त्याच सुमारास कंपनीने नवं मशीन घेतलं आणि ते शिकायला फोरमनला आणि मला आठवडाभर डब्लिनला पाठवायचं ठरलं. शेवटचे दोन दिवस मोकळे होते. मी ठरवून टाकलं: ते दोन दिवस पब बघण्यात घालवायचे. जलीब भागातल्या आमच्या खोलीतले आम्ही सहाही जण कोकणातले. सगळे हसले. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "सुतारकाम बघूक दारवेच्या दुकानात? ह्यां कोण खरां मानतलो?"

"थेंबभर पिणार नाही," मी म्हणालो. "पण जाणार."

जेवणाच्या सुट्टीत मी कागद घेऊन फोरमनसमोर बसलो. त्याने दहा पबांची नावं लिहून दिली. दोन दिवसांत दहा नीट बघून होणार नाहीत, म्हणून मी एकेकाची चौकशी सुरू केली. काउंटर मूळचा आहे का? पॉलिश मशीनने घासून काढलंय का? भिंतीवर टीव्ही आहे का?

"टीव्हीचा आणि लाकडाचा काय संबंध?"

"ज्याने टीव्ही टांगायला भिंतीला भोकं पाडली, साहेब, त्याने आणखी काय काय बदललं असेल?"

फोरमन हसला आणि त्याने स्वतःच तीन नावं खोडली. ज्यांत पर्यटकांसाठी रोज गाणी होतात ते तीन मी काढले. उरले चार. मग मी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या गल्लीतला यात कुठला?"

"तो लिहिला नाही."

"का?"

त्याने डबा बंद केला. "तिथला काउंटर माझ्या वडिलांनी दुरुस्त केला होता. ते सुतार होते. आणि तिथेच मी पीत बसायचो. घर गेलं, बायको गेली. लोक कुवेतला पगारासाठी येतात. मी आलो ते इथे दारू मिळत नाही म्हणून."

त्याला पुन्हा त्या दारात न्यावं, असं मला वाटेना. पण सुताराने दुरुस्त केलेला काउंटर न बघता परत यायचं, हेही पटेना. "तुम्ही बाहेर थांबा," मी म्हणालो. "मी एकटा आत जाईन." त्याने कागद ओढून घेतला आणि त्यावर पाचवं नाव लिहिलं.

डब्लिनमधल्या त्या दोन मोकळ्या दिवसांत आम्ही सकाळीच निघायचो. सकाळी गर्दी नसते आणि लाकडावर उजेड चांगला पडतो. फोरमन दारातून परतायचा, मी आत जाऊन चहा मागायचो. पहिल्याच पबात मी मापाची टेप घेऊन गुडघ्यांवर बसलो तेव्हा काउंटरमागचा म्हातारा धावत आला. "आय कार्पेंटर," म्हटल्यावर त्याने दिवा लावून दिला. काउंटरची कड कोपरं टेकून टेकून झिजली होती. ती झीज मला नक्षीने आणता येणार नव्हती. नक्षी मुळात कमीच होती. सगळी करामत मापात होती.

तिथेच एका कोपऱ्यात कपाटाएवढी खोली होती. आतून कडी, काउंटरच्या बाजूला छोटी खिडकी. म्हातारा म्हणाला, पूर्वी बायका इथे बसायच्या, त्यांना कुणी बघू नये म्हणून. मला एकदम कुवेतच्या हॉटेलांतल्या फॅमिली केबिन आठवल्या. मी त्या खोलीची मापं दोनदा घेतली.

पाचवा पब शेवटच्या दिवशी. फोरमन समोरच्या फुटपाथवर थांबला. मी काउंटर वरून, खालून तपासला. दुरुस्ती कुठे सापडेना. आतल्या माणसाला काही माहीत नव्हतं. मी बाहेर आलो.

"साहेब, सापडत नाही."

"नीट शोध."

"तीनदा शोधलं. तुम्हीच दाखवायला हवं."

त्याने रस्ता ओलांडला. डोकं खाली घालून तो आत शिरला. त्याने माझा हात धरून काउंटरच्या खाली नेला आणि बोट एका रेघेवर ठेवलं. केसाएवढा सांधा. अर्धी फळी नवी होती, पण लाकडाच्या रेषा जुळवून अशी बसवली होती की नजरेला कळत नव्हती.

"काय घेणार?" आतल्या माणसाने विचारलं.

फोरमन बाटल्यांकडे बघत राहिला. मी पटकन म्हणालो, "दोन चहा."

चहा येईपर्यंत तो बाटल्यांकडे पाठ करून बसला. त्याने तो पूर्ण प्यायला. बाहेर पडल्यावर म्हणाला, "चांगलं काम आहे ना त्यांचं?"

"माझ्या हातून झालं नसतं," मी खरं ते सांगितलं.

"ठीक. आता मला पुन्हा तिथे नेऊ नकोस."

त्या माणसाला मी आत ओढायला नको होतं, असं विमानात मला वाटत राहिलं. तसं बोलूनही दाखवलं. "आलो तो मी माझ्या पायांनी," तो म्हणाला आणि झोपला.

राईला परतल्यावर मी जुना नमुना मोडला. नवा काउंटर साधा केला. कोपऱ्यांत तशाच तीन छोट्या खोल्या काढल्या, कुटुंबांसाठी. मालक तयार नव्हता, जागा वाया जाते म्हणाला. फोरमन त्याच्याशी तासभर भांडला आणि खोल्या राहिल्या.

रेस्टॉरंट सुरू झालं त्या आठवड्यात आम्ही दोघं बघायला गेलो. एका खोलीत सबाह अल-सालेम भागातलं एक कुवेती कुटुंब बसलं होतं. वेटर दार ठोठावत होता, पण आतल्या वयस्क बाई परक्या पुरुषासमोर कडी काढायला तयार नव्हत्या. शेवटी त्यांनी खिडकी उघडली, हात बाहेर काढून ताटं एकेक करून आत घेतली आणि खिडकी पुन्हा लावून टाकली. फोरमन मोठ्याने हसला. त्याला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.